नसलेल्या माणसांची भाषा

जगात आज सहा-सात हजार भाषा बोलल्या जातात असे जाणकार सांगतात. त्यांतल्या कित्येकींची अवस्था अशी की, बोलणारी म्हातारी माणसे गेली म्हणजे भाषाही त्यांच्याबरोबर जावयाची. असे असताना एखाद्या शहाण्यासुरत्या माणसाने घरी बसून आणखी एक भाषा तयार करावी, तिची नामे-सर्वनामे ठरवावी, क्रियापदे चालवून पाहावी, आणि हा सगळा खटाटोप कुणासाठी, तर जी माणसे जन्मालाच आली नाहीत त्यांच्यासाठी, ह्याला काय म्हणावे? आमच्या घरातील वडीलधाऱ्यांनी ह्याला 'रिकामपणाचा उद्योग' असे नाव दिले आहे. ते नाव मला मान्य आहे. मात्र हा उद्योग करीत असताना एका प्रश्नाने मला जे गाठले, ते मात्र रिकामपणाचे नव्हते. ज्याला भाषा घडविता येते त्याने त्या भाषेत काय ठेवावे, आणि त्याहून अवघड म्हणजे काय ठेवू नये, हे ठरविण्याचा अधिकार त्याला आहे काय? आणि तो अधिकार असला, तर तो वापरून माणसांचे काही भले होते काय?

हे मी कोणत्याही विद्वत्तेच्या बळावर लिहीत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढे चित्रकला-शिक्षिकेची पदविका घेतली आणि गेली वीस-बावीस वर्षे मुलांना निसर्गचित्र व स्थिरचित्र शिकविते आहे. व्याकरण हा माझा विषय नव्हे. तो आमच्या शाळेतील मराठीच्या मास्तरांचा. चार कादंबऱ्या नावावर आहेत, पाचवी लिहिताना ही भाषेची भानगड उपस्थित झाली. कादंबरी एका बेटाची आहे. खाडीच्या मुखाशी, तिवरांच्या राईआड असलेले बेट. नकाशावर ते शोधू नये, सापडणार नाही. तिथली माणसे बाहेरच्यांशी मराठी बोलतात, पण आपापसांत काय बोलतात? तेही मराठीच लिहावे, तर ती आमच्या गल्लीतलीच माणसे वाटू लागत. 'हुंबा हुंबा' असले काही तरी लिहावे, तर तो त्यांचा अपमान. माणसे नसली म्हणून काय झाले, त्यांचा अपमान का करावा?

तेव्हा भाषा करावयास घेतली. वाचकांपैकी कुणाला वाटेल की हे काम कठीण आहे. सुरुवात तरी तशी नाही. शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मुलाने 'च'ची भाषा बोलून एक भाषा घडविलेलीच असते. 'शाळा'चे 'चाळाश' केले, 'घर'चे 'चरघ' केले, की मास्तरांना कळेनासे होते आणि काम भागते. पण ही 'च'ची भाषा म्हणजे मराठीलाच घातलेला बुरखा. आतले माणूस तेच. खरी नवी भाषा करावयाची तर आधी तोंडातले आवाज निवडावे लागतात. माझ्या बेटकऱ्यांना मी ट, ठ, ड, ढ, ण हे काही दिले नाहीत आणि महाप्राण अक्षरे सगळी काढून टाकली. त्यामुळे त्यांचे बोलणे पाण्यावरून आल्यासारखे, जरा निसरडे ऐकू येते. बेटाला ती माणसे 'एसू' म्हणतात. त्याचा अर्थ नुसता 'इथे' असा आहे. आपल्या गावाला आपणहून नाव देण्याची गरज त्यांना कधी पडली नव्हती.

मग क्रियापदे आली, आणि तिथे मी बरेच दिवस रेंगाळले. ह्या लोकांचा सारा दिवस भरती-ओहोटीवर चालतो. मासे, शिंपले, होडीची ये-जा, पोरींची सासर-माहेरची खेप, सगळे पाण्याच्या तालावर. तेव्हा त्यांची क्रियापदे भूत, वर्तमान, भविष्य अशा आपल्या चुलीवर शिजलेली नसणार. मी त्यांना दोन प्रत्यय दिले. जे गेले पण परत येणारे आहे, त्याला 'रे' लावावयाचा. हा भरतीचा प्रत्यय. जे गेले ते गेलेच, त्याला 'सो', हा ओहोटीचा. 'नी' म्हणजे जाणे. मुलगा शाळेत गेला तर 'नीरे'. आजोबा वारले तर 'नीसो'. मृत्यूला वेगळा शब्द करावाच लागला नाही, ह्याचा मला त्या वेळी मोठा आनंद झाला.

ही कल्पना मी आकाशातून काढलेली नाही. आपल्या घरातून बाहेर पडताना आपण 'जाते' म्हणतो काय? 'येते हं' असेच म्हणतो. 'जाते' म्हटले तर आजी अजूनही दटावते. हातातली बांगडी फुटली तर ती 'वाढवली' म्हणावयाची. देवापुढे नारळ फोडला तर तो 'वाढवला'. दिवा विझवावयाचा नसतो, मालवावयाचा असतो. आपल्या पूर्वजांनी, बहुधा आपल्या आज्या-पणज्यांनी, भीतीपोटी मराठीत हे बारीकसारीक फेरफार करून ठेवले आहेत. फुटण्याला वाढणे म्हटल्याने बांगडी सांधत नाही हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. तरीही त्या म्हणत आल्या. हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

भाषा घडविणारे लोक मुळात दोन जातींचे. एकांना भाषेचा नाद असतो. ऑक्सफर्डचे प्राध्यापक टॉल्किन हे त्यांचे मुकुटमणी. लहानपणी चुलत-मावस भावंडांत गुप्त भाषा करण्याच्या खेळापासून त्यांची सुरुवात झाली. पुढे फिनिश भाषेच्या नादाने त्यांनी एक भाषा रचली, वेल्श भाषेच्या नादाने दुसरी रचली, आणि मग ह्या भाषा बोलणारे कुणीतरी हवे म्हणून त्यांच्याभोवती कथा उभ्या केल्या. आपण लेखक मंडळी आधी माणसे करतो आणि मग त्यांना बोलावयास लावतो, त्यांचे उलट. १९३१ साली एका व्याख्यानात त्यांनी आपल्या ह्या छंदाला 'गुप्त व्यसन' म्हटले होते. व्यसनी माणसाकडून कुणाला उपदेश होण्याची भीती नसते, म्हणून मला हे लोक निर्धास्त वाटतात.

दुसऱ्या जातीचे लोक माणसे सुधारण्यासाठी भाषा करतात. त्यांच्याविषयी मात्र विचार करावा लागतो, कारण त्यांचे हेतू फार चांगले असतात. डॉक्टर झामेनहॉफ हे नेत्रवैद्य १८५९ साली ब्यालीस्तोक गावी जन्मले. त्या गावात रशियन, पोल, जर्मन आणि ज्यू राहत, चौघांच्या चार भाषा, आणि एकमेकांविषयी मनात अढी. सगळ्यांची मिळून एक दुसरी भाषा असती तर ही अढी गेली असती, असे त्या मुलाच्या मनाने घेतले. १८८७ साली वॉर्सातून त्यांनी आपले पुस्तक 'डॉक्टर एस्पेरांतो' म्हणजे 'आशा करणारा डॉक्टर' ह्या टोपणनावाने काढले. नियम सोळाच. नाम 'ओ'ने संपावयाचे, विशेषण 'आ'ने, अपवाद एकही नाही. मराठीचे सामान्यरूप शिकविताना ज्यांच्या डोळ्यांत पाणी येते त्या मास्तरांनी हे व्याकरण एकदा पाहावेच. शब्द थोडे लागावेत म्हणून युक्तीही छान: 'बोना' म्हणजे चांगले, त्याला 'माल' जोडले की 'मालबोना', वाईट.

ह्याच युक्तीने स्त्रीलिंग होते. 'पात्रो' म्हणजे बाप. त्याला 'इन' जोडून 'पात्रिनो' म्हणजे आई. वाचक-भगिनींनो, ही आई पाहा! जगातल्या बहुतेक लेकरांच्या तोंडी जो शब्द सर्वांआधी येतो, तो ह्या भाषेत बापाच्या शब्दाला शेपूट जोडून तयार होतो. वाटले तर हसावे, पण ह्या सज्जन माणसाच्या मनात स्त्रियांविषयी तुच्छता होती असे मुळीच नाही. शब्द वाचवावेत, शिकणाऱ्याचे कष्ट वाचावेत, एवढेच त्यांनी पाहिले. नियम मात्र आपल्या वाटेने गेला. त्याच नियमाने 'विद्वो' म्हणजे विधुर, आणि त्याला शेपूट जोडून 'विद्विनो' म्हणजे विधवा. गंमत अशी की हा शब्द आपल्या 'विधवा' शब्दाचाच दूरचा भाऊबंद आहे, आणि ह्या गोत्रातल्या जुन्या भाषांत मूळ शब्द बाईचा. इंग्रजीत आजही बाईच्या शब्दाला प्रत्यय लावून विधुर होतो. आपण शाळेत शिकतो की 'धव' म्हणजे पती, तो नाही ती विधवा. भाषाशास्त्रज्ञ सांगतात की गाडी उलटी आहे: 'विधवा' हा शब्द फार जुना, आणि त्याचीच फोड करून मागाहून कुणी तरी 'धव' काढला. म्हणजे नवरा नव्हता तेव्हाही विधवा होती! हजारो वर्षे समाजाला पत्नी मेलेल्या पुरुषासाठी शब्दाची निकड वाटली नाही; नवरा मेलेल्या बाईसाठी मात्र सुरुवातीपासूनच वाटली. व्याकरण इतके बोलके असते.

झामेनहॉफ १९१७ साली वारले. माणसे एकमेकांचे बोलणे समजू लागली की भांडणे थांबतील, ही त्यांची आशा. पुढे त्यांच्या मुलाला, आडामला, १९४० साली नाझींनी गोळ्या घातल्या आणि झोफिया व लिडिया ह्या दोघी मुली १९४२ साली ट्रेब्लिंकाच्या छावणीत मारल्या गेल्या. मारणाऱ्यांना त्यांची भाषा समजत नव्हती म्हणून मारले, असे झालेले नाही. ती भाषा अजून आहे, तिची पुस्तके निघतात, तिच्या प्रेमात पडून लग्ने होतात. पण तिच्या जनकाच्या मुलांचे काय झाले हे वाचल्यापासून 'सगळ्यांची एक भाषा झाली की' असे सुरू होणारे वाक्य मला पुरे ऐकवत नाही.

आता शब्द काढून टाकण्याचा मार्ग. तो ऑर्वेलने दाखवून ठेवला आहे. आपल्याच देशात, मोतीहारीला १९०३ साली जन्मलेल्या ह्या लेखकाच्या १९४९ सालच्या कादंबरीत सरकार अशी भाषा तयार करते की तिच्यात बंडाचा विचारच करता येऊ नये. 'स्वतंत्र' हा शब्द राहतो, पण फक्त कुत्रा उवांपासून मुक्त आहे अशासारख्या अर्थाने. दरवर्षी शब्दकोश बारीक होत जातो. ही गोष्ट वाचून आपल्या अंगावर काटा येतो, कारण ती दुष्टांनी केलेली आहे. मला प्रश्न पडला तो निराळा. हेच काम सज्जनांनी केले तर? वाईट शब्द काढून टाकले तर? समजा, एखाद्या लेखिकेला आयतीच कोरी पाटी मिळाली आहे आणि तिने ठरविले की आपल्या बेटावर जातीवरून शिवी देता येणार नाही, मुलीला 'परक्याचे धन' म्हणता येणार नाही, आणि कुणाही बाईला विधवा म्हणता येणार नाही. तिला अडविणार कोण?

मी तसेच केले. त्याला कारण होते. माझी एक आत्या सव्विसाव्या वर्षी एकटी पडली. तिच्या हातचे बेसनाचे लाडू सगळ्या आळीत नावाजलेले. पण लाडवांना सगळ्या घरांतून बोलावणे येई आणि आत्याला येत नसे. लग्नपत्रिकेत इतर सगळ्या काकू-माम्यांच्या नावांमागे 'सौ.', आणि आत्याच्या नावामागे 'गं. भा.' गंगा-भागीरथी! किती पवित्र शब्द. लहानपणी मला वाटे, ही आत्याला मिळालेली कसली तरी पदवी आहे. पदवीधर आत्या हळदीकुंकवाच्या दिवशी मागच्या खोलीत गव्हले करीत का बसते, हे मात्र कळत नसे.

२०२३ सालच्या एप्रिलमध्ये आपल्या राज्यातील एका मंत्रिमहोदयांनी 'विधवा' ह्या शब्दाऐवजी 'गंगा-भागीरथी' वापरावा असा प्रस्ताव तयार करावयास सांगितले होते, हे वाचकांना आठवत असेल. बरीच टीका झाली. मंत्रिमहोदयांच्या हेतूविषयी मला शंका घ्यावयाची नाही. शब्द बोचतो म्हणून दुसरा सुचवावासा वाटणे ही चांगल्याच मनाची खूण आहे. पण त्याच्या आदल्याच वर्षी, २०२२ च्या मे महिन्यात, कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामसभेने एक ठराव केला होता. पती वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे ह्या प्रथा गावात बंद. पुढे सरकारने इतर गावांनाही ह्या ठरावाचा कित्ता गिरविण्यास सांगितले. माझ्या ध्यानात राहिले ते असे की, हेरवाडच्या लोकांनी शब्दाला हात लावला नाही. ठरावाचे नावच मुळी विधवा-प्रथाबंदी. शब्द तसाच ठेवला आणि बांगडी वाचविली. एका ठिकाणी नवा शब्द आणि जुनी बांगडी. दुसऱ्या ठिकाणी जुना शब्द आणि नवी वागणूक. एका वर्षाच्या अंतराने एकाच राज्यात दोन्ही प्रयोग आपल्यापुढे मांडून झाले.

मग माझ्या बेटाचे काय? तिथे एक बाई आहे, लुएमा तिचे नाव. तिचा नवरा वादळात गेला, होडीही सापडली नाही. तिला विधवा म्हणणारा शब्द बेटाच्या भाषेत नाही. मी ठेवलाच नाही. पण कादंबरी पुढे लिहीत गेले तशी पाणवठ्यावरची एक बाई तिला म्हणाली, 'नीसोची'. 'जो गेला तो गेलाच' त्याची. भाषा माझी, प्रत्यय माझे, नियमही माझेच, आणि त्यांतून बेटकऱ्यांनी आपला शब्द करून घेतला. प्रथा होती, शब्दाला किती वेळ लागतो? ज्या गावात बाईला मागच्या खोलीत बसवावयाचे आहे, त्या गावाला त्या बाईसाठी शब्द सापडतोच. 'गंगा-भागीरथी' म्हणा की 'नीसोची' म्हणा, चार वर्षांत त्याला मागच्या खोलीचा वास लागतो.

ह्यावरून, शब्दांत काही नाही, असे म्हणावयाचे आहे काय? तसे मला वाटत नाही. एक उदाहरण तर ह्या दिवाळीच्या दिवसांत सांगितलेच पाहिजे. सुझेट हेडन एल्जिन ह्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९८२ साली 'लादान' नावाची भाषा रचण्यास घेतली आणि १९८४ साली त्यांची तिच्याविषयीची कादंबरी निघाली. त्यांचे म्हणणे असे की, आहेत त्या भाषांतून स्त्रियांच्या अनुभवांना नेमके शब्द नाहीत. त्या भाषेत प्रत्येक वाक्याच्या शेवटी, बोलणाऱ्याला ही गोष्ट कशावरून कळली, डोळ्यांनी पाहिली की दुसऱ्याकडून ऐकली, हे सांगणारा शब्द लावावा लागतो. ही सोय आपल्या पाणवठ्यांवर आणि वर्तमानपत्रांतून तातडीने झाली पाहिजे! आणि त्या भाषेत एक शब्द आहे, 'रादीदिन'. नावाला सण, पण घरातल्या बाईला त्या दिवशी इतके राबावे लागते, पाहुणे इतके येतात आणि कामाला हात लावणारा एकही नसतो, की त्या सणाची धास्तीच वाटावी; असा जो सण तो रादीदिन. त्यातला 'दिन' आपला नव्हे, केवळ योगायोग. पण किती चपखल बसला आहे! आमच्या शिक्षिकांच्या खोलीत मी हा शब्द सांगितला, तेव्हा क्षणभर कुणी बोलले नाही आणि मग सगळ्याच एकदम हसल्या. शेव पाडताना, अनारसे जाळीदार होतात की नाही ह्या काळजीत, रात्री अकरा वाजता ओटा पुसताना जे काही वाटत आले आणि जे 'सणासुदीला असे बोलू नये' म्हणून गिळले गेले, त्याला कुठल्या कुठल्या देशातल्या बाईने नाव देऊन ठेवले होते.

इथे मला फरक दिसतो. शब्द काढून घेणे हे एक आणि शब्द देणे हे निराळे. काढून घेतल्याने दुःख जात नाही. ते मुके तेवढे होते. दिल्याने दुःख जाते असेही नाही, अनारसे करावेच लागतात. पण निदान ओट्याशी उभ्या असलेल्या दोघींना एकमेकींकडे पाहून एक शब्द म्हणता येतो. एल्जिनबाईंनी आपल्या प्रयोगाला दहा वर्षांची मुदत घातली होती. स्त्रियांनी ती भाषा काही उचलली नाही, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. त्याच काळात 'क्लिंगन' ह्या सिनेमातल्या लढाऊ परग्रहवासीयांच्या भाषेचे कोश मात्र धडाक्याने खपले. माणसांना सोसण्याच्या भाषेपेक्षा लढण्याची भाषा शिकावीशी वाटते, हे त्यावरून दिसते. त्यात नवल करण्यासारखे काही नाही.

ह्या क्लिंगनची गोष्ट निघालीच आहे तर तिच्या मागची एक गोष्ट सांगते. ती रचणारे मार्क ओक्रांड हे भाषाशास्त्रज्ञ. त्यांनी १९७७ साली पदवीसाठी जो प्रबंध लिहिला तो कॅलिफोर्नियातील मुत्सुन ह्या आदिवासी भाषेच्या व्याकरणावर होता, आणि ती भाषा सहज बोलणारी शेवटची बाई १९३० सालीच वारली होती. ज्या भाषेत खरी माणसे जन्मली, भांडली, अंगाई गायली, ती ओक्रांडांना कागदांतून वेचावी लागली. आणि कुणीच कधी न बोललेली त्यांची दुसरी भाषा शिकण्यासाठी लोक पुस्तके विकत घेऊ लागले. ह्याचा राग त्या गृहस्थांवर काढण्यात अर्थ नाही. मुत्सुन लोकांचे वंशज आज आपली भाषा पुन्हा शिकू पाहत आहेत, ती अशा कागदांवरूनच. पण आपल्याकडेही हेच नाही काय? बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोदच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी, निहाली नावाची भाषा बोलणारे सुमारे दोन-अडीच हजार लोक आहेत. ह्या भाषेचे नाते जगातल्या कोणत्याही दुसऱ्या भाषेशी खात्रीने जोडता आलेले नाही. संस्कृताशी नाही, द्रविडांशी नाही. कोरकू शेजारीण, तिच्याकडून शब्द पुष्कळ घेतले, पण मूळ नाते तिच्याशीही नाही. आपल्या महाराष्ट्रात अशी एक गोष्ट आहे आणि शाळेच्या पुस्तकात तिचे नाव नाही. १९६२ साली क्यूपर ह्या डच पंडितांनी ह्या भाषेवर पुस्तक लिहिले, त्यात त्यांनी एक शंका काढली: ही मुद्दाम दुसऱ्यांना कळू नये म्हणून घडविलेली गुप्त भाषा, चोरांच्या बोलीसारखी, तर नसेल? पंडितांना शंका घेण्याचा अधिकार आहे. पण त्या शंकेकडे खालून, निहाली आईच्या बाजूने पाहा. आपल्या लेकराशी ती ज्या शब्दांत बोलते, ते कुणीतरी कारस्थानाने रचले असावेत असे जगाला वाटते! खरी भाषा बनावट ठरू शकते, आणि बनावट भाषेला कोश मिळतात.

म्हणूनच आपल्या इकडच्या 'बाहुबली' चित्रपटातील कालकेयांची 'किलिकी' भाषा ऐकताना माझ्या मनात दोन गोष्टी एकदम आल्या. तमिळ गीतकार मदन कार्की ह्यांनी ती मनापासून रचली आहे. नुसता आरडाओरडा नव्हे, तिला नियम आहेत. 'मिन' म्हणजे मी आणि तेच उलटे केले की 'निम', म्हणजे तू. ही जोडी तर मला फार आवडली, 'तू' म्हणजे उलट बाजूने पाहिलेला 'मी'. परंतु पडद्यावर ही भाषा कुणाच्या तोंडी आहे? काळ्या, अक्राळविक्राळ, दात विचकणाऱ्या टोळीच्या. राजवाड्यातली माणसे आपल्याला कळणारी भाषा बोलतात. न कळणारी भाषा राक्षसांची. चित्रपट पाहून आलेली आमची मुले मधल्या सुटीत किलिकी बोलू लागली, तेव्हा कौतुक वाटले. त्यांतल्याच एकाने वर्गातल्या एका मुलाला, ज्याच्या घरी निराळी बोली आहे, 'ए कालकेय' म्हणून हाक मारली. त्या मुलाने मान वर न करता चित्र पुरे केले. डोंगर काढला होता त्याने, आणि डोंगराला जांभळा रंग दिला होता, तो लांबून तसाच दिसतो हे त्याला ठाऊक होते.

एका अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ पित्याने तर आपल्या तान्ह्या मुलाशी पहिली दोन-तीन वर्षे केवळ क्लिंगनमध्येच बोलण्याचा प्रयोग केला होता. आई इंग्रजी बोलत होती, तेव्हा मुलाचे नुकसान असे काही झाले नाही. मूल मोठे होऊ लागले तसे ते त्या भाषेत बोलेनासे झाले आणि बापाने प्रयोग सोडला. पुष्कळांना हे क्रूर वाटते. मला तितके वाटत नाही. इंग्रजीवाचून ज्यांचे पान हलत नाही अशा घरांतून मराठी पोरांशी मोडक्या इंग्रजीत बोलणारे आईबाप मी रोज पाहते, त्यांना कुणी क्रूर म्हणत नाही. मला त्यात नवल वाटते ते मुलाचे. पाठ देणारा जगातला सर्वांत प्रिय माणूस असताना, ही भाषा बोलणारे माझ्याभोवती दुसरे कुणी नाही, हे त्या तीन वर्षांच्या जिवाला कळले. भाषा एकट्याने करता येते, पण एकट्याने बोलता येत नाही.

लुएमाही एकटीच बोलते. तिचा नवरा गेला त्याला कादंबरीत अकरा वर्षे झाली आहेत. सगळे बेट त्याच्याविषयी 'नीसो' म्हणते, ती 'नीरे' म्हणते: गेला आहे, येणार आहे. तिला काही वेड लागलेले नाही. चुलीवर एकाच्याच पुरते शिजवते, होडीची जागा दुसऱ्याला वापरू देते. पण तोंडात 'नीरे'. म्हातारी माणसे तिला सुधारतात, शेजारणी सुधारतात, तिची स्वतःची मुलगीही शाळकरी अधिकारवाणीने सुधारते, की आई, असे नसते म्हणावयाचे. 'येते हं' म्हणून घराबाहेर पडणाऱ्या, फुटलेल्या बांगडीला 'वाढली' म्हणणाऱ्या आपल्या बायकांपैकीच मला ती एक वाटते. फरक एवढाच, की आपल्याकडे तशी रीत आहे, आणि तिच्या भाषेत ती चूक आहे. तिला तशी मुभा देणारा एखादा अपवाद मी व्याकरणात घालू शकले असते. एका ओळीचे काम होते. मराठीच्या मास्तरांनीही तेच सुचविले: 'प्रिय व्यक्तीच्या बाबतीत विकल्पाने भरतीचा प्रत्यय.' सूत्र मोठे डौलदार होते. पण मग ती जे म्हणते ते नियमाप्रमाणे झाले असते, आणि तिच्या म्हणण्यात काही उरले नसते. मी अपवाद घातला नाही.

पुस्तकाची मुद्रिते नुकतीच तपासून आली. मुद्रितशोधक गृहस्थ फार साक्षेपी आहेत. पुस्तकाच्या शेवटी दिलेले चार पानी व्याकरण त्यांनी नीट वाचून काढले होते. लुएमाच्या तोंडचे 'नीरे' सात ठिकाणी होते. सातही ठिकाणी लाल शाईने 'नीसो' केलेले. मी सातही ठिकाणी ते खोडून पुन्हा 'नीरे' लिहिले आणि समासात 'असेच हवे' असा शेरा मारून पाठविले. चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला. म्हणाले, 'बाई, नियम तुमचाच आहे. निदान एक तळटीप घालू या. वाचक म्हणेल छपाईची चूक आहे.'

मी म्हटले, 'म्हणू द्या. तिची मुलगीही तेच म्हणते.'